ससा गाजर तोंडात धरतो आणि टाकून देतो

प्रश्न : आमचा लोंबत्या कानांचा ससा तीन वर्षांचा आहे. महिनाभरापासून तो खाणे दिसताच धावत येतो, गाजराचा तुकडा तोंडात धरतो आणि तसाच टाकून देतो. त्याच्या हनुवटीखालचे केस सतत ओले असतात आणि उजव्या डोळ्यातून पाणी येते. पुढचे दात वाढलेले दिसले म्हणून एका परिचितांनी ते नेलकटरने कापून दिले. आठवडाभर बरे वाटले, नंतर पुन्हा तेच. त्याला आम्ही गाजर, बिस्किटे, भिजवलेले चणे आणि चपाती देतो. चावण्यासाठी करवंटी आणि लाकडाचा ठोकळाही ठेवला आहे. तरीही दात का वाढावेत?
— एक वाचक, गुहागर

उत्तर : ससा थोडेफार खात असेल तर एक-दोन दिवसांत, आणि खाणे पूर्ण थांबले असेल तर त्याच दिवशी, त्याला सशांवर उपचार करणाऱ्या पशुवैद्यांकडे न्यावे. सशाचे आतडे सतत चालू राहावे लागते; बारा तास पोटात काही गेले नाही, तरी त्याच्या जिवाला धोका निर्माण होतो. लेंड्यांकडेही लक्ष ठेवावे. त्या लहान, कोरड्या आणि मोजक्याच पडू लागल्या, तर खाणे कमी झाल्याची ती पक्की खूण असते.

आता आपल्या मूळ प्रश्नाकडे वळू. सशाला एकूण 28 दात असतात. पुढचे सहा आपल्याला दिसतात. त्यांतही वरच्या दोन मोठ्या दातांमागे दोन बारीक दात लपलेले असतात. उरलेल्या 22 दाढा गालाच्या आत इतक्या खोल असतात की घरी तोंड उघडून त्या पाहता येत नाहीत. हे सगळेच दात आयुष्यभर वाढत राहतात, आणि पुढचे तर आठवड्याला सुमारे दोन ते तीन मिलिमीटर वाढतात. त्यामुळे ‘दात का वाढले’ यापेक्षा ‘ते झिजले का नाहीत’ हे विचारायला हवे, आणि त्याचे उत्तर आपण लिहिलेल्या आहारातच आहे.

गवताची लांब काडी खाताना सशाचा खालचा जबडा मिनिटाला शंभराच्या आसपास वेळा आडवा, एका बाजूकडून दुसऱ्या बाजूकडे फिरतो. गवतात सिलिकाचे सूक्ष्म कण असतात, आणि त्या घासण्यानेच दाढा सपाट राहतात. बिस्कीट, चपाती किंवा गाजर खाताना जबडा मुख्यतः वर-खाली हलतो आणि घास चटकन संपतो. करवंटी आणि लाकूड ससा पुढच्या दातांनी कुरतडतो. दाढांना त्याचा काहीही उपयोग होत नाही. कठीण वस्तू ठेवली की दातांची काळजी मिटली, हा समज घरोघरी आढळतो आणि त्यापायी अनेक सशांचे हाल होतात, म्हणून हे आवर्जून लिहीत आहे.

न झिजलेल्या दाढांना धारदार टोके येतात. खालच्या दाढांची टोके जिभेत आणि वरच्यांची गालात रुततात. भूक असूनही आपला ससा गाजर टाकून देतो, त्याचे कारण बहुधा हेच असावे. लाळेने हनुवटी भिजते तीही यामुळेच. दाब वाढला की दातांची मुळे उलट दिशेला, हाडात सरकतात. वरच्या दातांच्या मुळांजवळून अश्रुनलिका जाते आणि ती दबली की डोळ्यातून पाणी येते. खालच्या जबड्याच्या कडेवरून हलकेच बोट फिरवून पाहावे; उंचवटे किंवा गाठ लागल्यास डॉक्टरांना अवश्य सांगावे.

नेलकटर पुन्हा मुळीच वापरू नये. त्याने दात उभा चिरतो, चीर मुळापर्यंत जाते आणि तेथे पू होऊ शकतो. दात फिरत्या यंत्राने घासून कमी करायचे असतात, दाढांसाठी पूर्ण भूल द्यावी लागते, आणि त्याआधी डोक्याचा एक्स-रे काढणे योग्य ठरते. भुलीपूर्वी सशाला उपाशी ठेवू नये, कारण त्याला उलटी होत नाही आणि उपवासाने आतडे मात्र मंदावते. घरातले अमॉक्सिसिलिन तोंडावाटे कदापि देऊ नये. सशाच्या आतड्यातील उपयुक्त जंतू त्याने मरतात आणि ससाही दगावू शकतो. जवळपास सोय नसल्यास शिरवळ किंवा परळ येथील पशुवैद्यकीय महाविद्यालयात चौकशी करावी. प्रवास पहाटे किंवा रात्री करावा, कारण सशाला उकाडा सोसत नाही. मुळे फार सरकली असतील तर दात पूर्ववत होणार नाहीत आणि काही आठवड्यांनी किंवा महिन्यांनी ते पुन्हा घासून घ्यावे लागतील, याची मनाची तयारी ठेवावी. लोंबत्या कानांच्या सशांमध्ये जबड्याच्या ठेवणीमुळे हा त्रास अधिक आढळतो.

उपचारानंतर बिस्किटे, चपाती आणि चणे बंद करावेत. गाजर कधीमधी, बोटाच्या पेराएवढेच द्यावे. आहाराचा मोठा भाग गवताचाच असावा आणि हा बदल दोन-तीन आठवड्यांत हळूहळू करावा. पावसाळ्यात आपल्याकडे हिरव्या गवताला तोटा नाही, दूर्वा उत्तम. मात्र फवारणी झालेल्या आंब्याच्या बागेतले गवत आणू नये, आणि कापलेले ओले गवत ढीग करून ठेवू नये, कारण ते आतून तापून आंबते. दिवाळीनंतर कापलेले गवत कडकडीत वाळवून माळ्यावर ठेवावे आणि जूननंतर ते रोज हुंगून पाहावे. कुबट वास आला तर टाकून द्यावे. भाताचा पेंढा चघळण्यास चांगला आहे, पण त्यात पोषण कमी असल्याने केवळ त्यावर ससा ठेवू नये. दर आठवड्याला स्वयंपाकघरातील काट्यावर त्याचे वजन करून लिहून ठेवावे, कारण दाट केसांखाली रोडावलेले अंग डोळ्यांना दिसत नाही.

प्रश्न : आमची सशीण विजेच्या वायरी आणि खुर्चीचे पाय कुरतडते. तिचे दात दुखत असतील का?
— एक वाचक, देवगड

उत्तर : ती नीट खात असेल, तर बहुधा नाही. कुरतडणे हा सशाचा स्वभाव आहे. गवत कमी पडले किंवा दिवसभर पिंजऱ्यात राहावे लागले, की तो वाढतो. पेरूच्या कोवळ्या फांद्या आणि जास्वंदीची पाने द्यावीत. कण्हेर विषारी आहे, तिच्याजवळ सशिणीला जाऊ देऊ नये. आंबा आणि काजूच्या फांद्याही चिकामुळे टाळाव्यात. वायरी कडक प्लास्टिकच्या नळीतून नेऊन जमिनीपासून वर बांधाव्यात. तिला विजेचा धक्का बसल्यास आधी मुख्य बटण बंद करावे, मगच तिला हात लावावा, आणि ती वरवर ठीक दिसली तरी त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे, कारण तोंडातील भाजणे आणि फुप्फुसांत साचणारे पाणी काही तासांनंतर लक्षात येते.