इफिससला वरच्या दारातून शिरा

क्रूझवरून इफिसस, म्हणजे तुर्कस्तानातल्या प्राचीन शहराचे अवशेष, बघायला जाताय आणि आईबाबा सोबत आहेत, तर खासगी गाइडच घ्या. जहाज लागतं त्या कुशादासी बंदरापासून इफिसस जेमतेम 20 किलोमीटर. सकाळी लवकर उतरलात तर उन्हं चढायच्या आत पोचाल. गाडी वरच्या दाराशी सोडायला आणि खालच्या दाराशी घ्यायला सांगा, म्हणजे चालणं बहुतेक उताराचं. पण संगमरवर पावलांनी अगदी गुळगुळीत झालाय. आईंना पकड असलेले बूटच घालू द्या. टेरेस हाउसेसचं (आतल्या श्रीमंत रोमन घरांच्या अवशेषांचं) तिकीट वेगळं पडलं तरी काढाच, तिथल्या भिंतींवरचे रंग पाहून मी हलले नव्हते! गालिच्यांच्या दुकानात जायचं नाही, हे गाइडशी आधीच ठरवा. आमचा पाऊण तास तिथेच गेला. आणि परतायची वेळ गाइडला लिहून द्या, खासगी सहलीसाठी जहाज थांबत नाही.