एजंट म्हणतो भाडं 27 हजार करा, पण भाडेकरू चांगले आहेत. किती वाढवावं?

तुम्ही विचारलंय ते असं: पुण्यात कोथरूडला तुमचा टू बीएचके आहे, तुम्ही स्वतः नाशिकला असता. तीन वर्षांपासून एकच कुटुंब राहतंय, भाडं 22 हजार, दोन वर्षं वाढवलेलं नाही, पैसे वेळेवर येतात. एजंट म्हणतोय की बाजारभाव 27 चालू आहे, तेवढे देणार नसतील तर घर खाली करून घ्या, आठ दिवसांत दुसरी पार्टी आणतो.

माझं मत सरळ सांगते. 24 हजार करा, दोन वर्षांचा करार करा, दुसऱ्या वर्षाची पाच टक्के वाढ करारातच लिहून टाका. आणि हे बोलणं एजंटकरवी न करता स्वतः करा.

एवढ्या ठामपणे सांगते, कारण मी उलटं करून बसले होते. माझा वारज्याला वन बीएचके आहे. तिथे बँकेत नोकरी करणारी एक मुलगी आणि तिची आई राहायच्या, भाडं 12 हजार. स्वयंपाकघरातल्या सिंकखालचा पाइप एकदा गळायला लागला. काकूंनी खाली स्टीलचं पातेलं ठेवलं, मला फोन केला आणि प्लंबर मिळेपर्यंत दोन रात्री उठून उठून ते पातेलं रिकामं केलं. मी प्लंबरचे पैसे दिले आणि विसरून गेले. पुढच्या कराराच्या वेळी एजंटने 14 चा आकडा सांगितला. त्या दोघींना एकदम दोन हजार झेपणारे नव्हते. त्या गेल्या.

घर दोन महिने रिकामं राहिलं. तेवढे दिवस मेंटेनन्स माझ्याच खिशातून गेला, रंग काढावा लागला, नवीन लोक आल्यावर एजंटला पंधरा दिवसांचं भाडं दलाली म्हणून दिलं. नवे भाडेकरू वाईट नव्हते, पण घराशी त्यांचं काही देणंघेणं नव्हतं. तोच पाइप पुन्हा गळायला लागला आणि कोणी मला सांगितलं नाही. मला कळलं ते सोसायटीच्या सेक्रेटरींचा फोन आला तेव्हा. खालच्या घराच्या छताला ओल येऊन पापुद्रे सुटले होते. मी जाऊन पाहिलं तर ट्रॉल्यांचं प्लायवूड फुगून ड्रॉवर उघडेनासे झालेले, आणि सिंकखाली हात घातला तर लाकूड बोटांनी तुटून येत होतं. ट्रॉल्यांना 28 हजार लागले, खालच्यांचं छत वेगळं. वाढीव भाड्याचे अकरा महिन्यांच्या करारात मिळाले होते 22 हजार. पैसे पुढे भरून निघाले, पण त्या काकूंसारखं माणूस मला परत मिळायला तीन भाडेकरू बदलावे लागले.

आता तुमचा हिशोब मांडून बघा. 24 आणि 27 मधला फरक तीन हजार, अकरा महिन्यांचे 33 हजार. घर फक्त एक महिना रिकामं राहिलं तरी 24 हजार गेले. नव्या भाड्याच्या पंधरा दिवसांची दलाली धरा, साडेतेरा हजार. झाले साडेसदतीस हजार, आणि रंग-सफाई अजून यात धरलेलीच नाही. शिवाय वाढीव भाड्यावर कर लागतोच. भाड्याच्या उत्पन्नातून 30 टक्के सरसकट वजावट मिळते, पण रंगकामाचा प्रत्यक्ष खर्च त्याहून वेगळा दाखवता येत नाही.

एजंट वाईट असतात असं मला म्हणायचं नाही. पहिल्यांदा भाडेकरू शोधणं, घर दाखवायला दहा चकरा मारणं, पोलिसांकडे भाडेकरूची माहिती देणं हे कष्टाचं काम आहे, त्याचे पैसे जरूर द्यावेत. पण दर अकरा महिन्यांनी माणूस बदलला की त्यांची दलाली पुन्हा सुरू होते आणि तुमचा खर्चही पुन्हा सुरू होतो. तुमचं हित आणि त्यांचं हित इथे एक नाही. 27 हा आकडासुद्धा जाहिरातीतला असणार. मागितलेलं भाडं आणि ठरलेलं भाडं यांत बरंच अंतर असतं. तुमच्याच सोसायटीत गेल्या सहा महिन्यांत कितीला करार झाले ते सेक्रेटरींना किंवा वॉचमनला विचारा. खरा भाव तिथे कळतो.

एजंट आणखी एक भीती घालतात: ‘फार वर्षं ठेवू नका, हक्क सांगतील.’ ही भीती आपल्याकडे उगाच आलेली नाही. 1947 च्या भाडे कायद्यामुळे पेठांमधल्या वाड्यांची भाडी गोठली, मालकांना डागडुजीसुद्धा परवडेना, आणि ते सगळं पुण्याने डोळ्यांनी पाहिलंय. पण तुमचा करार भाडेपट्ट्याचा नाही, लिव्ह अँड लायसन्सचा आहे, म्हणजे ठरावीक मुदतीपुरती राहायची परवानगी. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, 1999 च्या कलम 24 प्रमाणे मुदत संपल्यावर जागा सोडली नाही तर सक्षम प्राधिकाऱ्याकडे, म्हणजे यासाठी नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, जाता येतं, आणि तोवर ठरलेल्या रकमेच्या दुप्पट नुकसानभरपाई लागू होते. माणूस तीन वर्षं राहिला की सात, त्याने फरक पडत नाही. फरक पडतो तो कागदाने. कलम 55 प्रमाणे करार लेखी आणि नोंदणीकृत हवाच, आणि ती जबाबदारी मालकाची आहे. नोंदणी नसेल तर अटींबाबत भाडेकरू म्हणेल ते आधी ग्राह्य धरलं जातं.

अकरा महिन्यांचाच करार करावा हाही असाच पडलेला पायंडा. अकरा महिने असले की नोंदणी लागत नाही, ही समजूत महाराष्ट्रात चालत नाही. इथे मुदत कितीही असो, नोंदणी लागतेच. मग दोन वर्षांचा का करू नये? मुद्रांक शुल्क एकूण भाडं अधिक परत द्यायच्या अनामतीवरचं वर्षाला 10 टक्के व्याज, यावर पाव टक्का. 24 हजार, दुसऱ्या वर्षी 25,200 आणि अनामत 60 हजार धरली तर ते 1,506 रुपये होतं. शहरात नोंदणी फी हजार रुपये. ऑनलाइन ई-रजिस्ट्रेशन होतं, अंगठ्याचं मशीन घेऊन माणूस घरी येतो, आणि त्या कामाचे त्याचे वेगळे पैसे ठरवता येतात. कराराच्या नूतनीकरणासाठी कोणी महिन्याचं भाडं मागत असेल तर देऊ नका.

भाडं अजिबात वाढवू नका असं मात्र मी म्हणणार नाही. दोन वर्षं तसंच ठेवलंत, ते मनाचा मोठेपणा म्हणून ठीक, पण मग एके दिवशी एकदम पाच हजार मागायची वेळ येते आणि समोरच्याला धक्का बसतो. दर वर्षी पाच टक्के वाढलं असतं तर आज 24,255 झालं असतं. माझा 24 चा आकडा तिथून आलाय.

करार संपायच्या दोन महिने आधी फोन करा. आधी विचारा, घरात काही दुरुस्तीचं राहिलंय का. ते सांगतील ते लिहून घ्या, त्यातलं होण्यासारखं लगेच करून द्या. मग भाड्याचं बोला: दोन वर्षं वाढवलं नव्हतं, आता 24 करायचं म्हणते आहे, तुम्हाला जमेल का? त्यांनी साडेतेवीस म्हटलं तर साडेतेवीस घ्या. आणि जुन्या कराराची मुदत संपायच्या आत नवा नोंदवून त्याची प्रत सोसायटीत द्या. मधे एक दिवसही विनाकराराचा जाऊ देऊ नका.