टोल जनुकाचा टोलनाक्याशी काडीचाही संबंध नाही

प्रश्न आलाय: "माशांच्या प्रतिकारशक्तीवर वाचताना 'टोल-लाइक रिसेप्टर'ची, म्हणजे जंतू ओळखणाऱ्या प्रथिनांची, जनुकं सारखी भेटतात. जंतूंना नाक्यावर अडवतात म्हणून टोल का? आणि मराठीत काय म्हणावं?"

नाही हो! हे नाक्याचं स्पष्टीकरण मी इतक्यांदा ऐकलंय, शिकवणाऱ्यांच्या तोंडूनसुद्धा, की आता चीड येते. पथकरातला टोल इंग्रजी, लॅटिनमार्गे ग्रीकमधून आलेला, त्याचा जर्मन भाऊ 'त्सोल'. जनुकातला टोल हे जर्मन विशेषण आहे. क्रिस्टियान न्युसलाइन-फोलहार्ड बाई आणि एरिक वीशाउस हे जीवशास्त्रज्ञ फळमाशीचे भ्रूण तपासत होते, एकात पाठ-पोटाची मांडणीच पार बिघडलेली दिसली आणि बाईंच्या तोंडून निघालं "टोल!", म्हणजे "भन्नाट!", तेच नाव पडलं.

पण खरी गंमत पुढे आहे, कारण या टोलचा जुना अर्थ वेडा, पिसाळलेला, रेबीजला जर्मनमध्ये आजही 'टोलवूट' म्हणतात, इंग्रजी 'डल' त्याचाच चुलतभाऊ. वेडापासून निघून कौतुकापर्यंत पोचलेला शब्द. आपला भन्नाटही त्याच वाटेने आला असं माझं ठाम मत आहे, भन्नाट वारा सुटतो तो बेभान असतो आणि भन्नाट सिनेमा म्हणजे एकदम भारी! म्हणून इथे 'अद्भुत' सुचवणाऱ्या परिभाषावाल्यांचं मला अजिबात पटत नाही, त्यात वेडाचा टिपूससुद्धा नाही. आणि रिसेप्टरला 'ग्राहक' लिहिणारे तर कमालच करतात, ग्राहक दुकानात येतो, पेशीवर असतो तो ग्राही.

हा टोल बुरशीशी लढायला लागतो हे 1996 मध्ये फळमाशीतच कळलं, नंतर त्याची भावंडं माणसात सापडली, माशांतही सापडली. टीएलआर५ (टीएलआर म्हणजे टोल-लाइक रिसेप्टर) जिवाणूच्या शेपटीतलं फ्लॅजेलिन हे प्रथिन ओळखतो, पेशीच्या आत निरोप धाडतो आणि केंद्रकातली बचावाची जनुकं कामाला लागतात. माशांमधला टीएलआर२२ माणसात नाहीच. उलट झेब्राफिश या छोट्या माशाचा टीएलआर४ जिवाणूंचं एलपीएस, म्हणजे त्यांच्या बाहेरच्या आवरणातलं द्रव्य, आपल्याइतकं सहज ओळखत नाही, त्यामुळे नाव तेच म्हणून काम तेच धरू नका. न्युसलाइन-फोलहार्ड बाई स्वतः पुढे झेब्राफिशकडेच वळल्या, माशीकडून माशाकडे!

हां, तुमचा प्रश्न. टोलसदृश ग्राही लिहा, टोल तसाच ठेवा, विशेषनाम आहे. आणि माशी असेल तर 'माश्यांमधला', मासा असेल तर 'माशांमधला', बोलताना दोन्ही सारखंच ऐकू येतं म्हणून लिहिताना तरी तो य खाऊ नका.