पुस्तक घेऊन गावोगावी निघण्यापूर्वी

पुणे

प्रिय मित्रा,

अनेक आशीर्वाद.

बारवांवरचे, म्हणजे पायऱ्यांच्या जुन्या विहिरींवरचे, तुझे पुस्तक छपाईला गेल्याचे वाचून फार आनंद झाला. प्रकाशनानंतर बडोदा, इंदूर, हैदराबाद आणि दिल्ली असा दौरा तू आखतो आहेस. 1972च्या दुष्काळावरचे माझे पुस्तक घेऊन मीही असाच हिंडलो होतो, म्हणून अशा दौऱ्याची तयारी कशी करावी असे तू विचारले आहेस, त्याविषयी जरा सविस्तर लिहितो. माहितीपर पुस्तकाच्या लेखकाने दौऱ्यावर निघताना आपले संशोधन संपले असे समजू नये, हे मला सर्वांत आधी सांगायचे आहे.

पुण्यातल्या समारंभाविषयी फारसे सांगण्यासारखे नाही. न्यायमूर्ती रानड्यांनी 1875 साली वसंत व्याख्यानमाला सुरू केली, तेव्हापासून या शहराला भाषणे ऐकण्याची सवय आहे आणि तुझ्याही कार्यक्रमाला सभागृह भरेल. पण त्यात आप्तेष्ट, स्नेही आणि प्रकाशकाचा गोतावळाच अधिक असेल. त्या संध्याकाळी खपलेल्या प्रतींवरून पुढचा अंदाज बांधू नकोस. मनोगत दहा मिनिटांत आटप आणि ज्यांनी तुला गावोगावच्या विहिरी दाखवल्या, त्या माणसांची नावे न विसरता घे.

खरे काम पुण्याबाहेर सुरू होते. महाराष्ट्राबाहेरच्या शहरांतली मराठी मंडळे आणि ग्रंथालये बहुधा निवृत्त माणसांच्या खांद्यांवर उभी आहेत. त्यांना प्रकाशकाच्या कार्यालयातून छापील निमंत्रण जाण्यापेक्षा तू स्वतः पत्र लिहावेस, दोन महिने आधी लिहावेस, आणि कार्यक्रमाला साधारण कोण येते हे त्यात विचारावेस. प्रवासखर्च कोण करणार, उतरण्याची सोय कोठे, मानधन आहे की नाही, हेही मोकळेपणाने विचार. यात संकोच करण्यासारखे काही नाही. न विचारल्याने दोन्हीकडच्या भल्या माणसांची मने दुखावलेली मी पाहिली आहेत. प्रकाशकाशी मात्र सारे लेखी ठरव: किती प्रती पुढे पाठवायच्या, सभागृहातल्या विक्रीवर किती सवलत द्यायची, उरलेल्या प्रती परत कोणी आणायच्या. टपाल खात्याने 1 मे 2025 पासून पुस्तकांसाठी ‘ज्ञान पोस्ट’ ही सेवा सुरू केली. सुरुवातीचा दर कर वगळून 300 ग्रॅमपर्यंत 20 रुपये आणि 5 किलोपर्यंत 100 रुपये असा होता. हे टपाल जमिनीवरून जाते, त्यामुळे वेळ लागतो. गठ्ठे लवकर रवाना कर.

बोलताना पुस्तकाचा सारांश सांगत बसू नकोस. साताऱ्याजवळच्या लिंब गावची बारा मोटेची विहीर तू ज्या पानांवर वर्णिली आहेस, ती दोन पाने सावकाश वाच आणि तेथून बोलायला लाग. बडोद्याला ऐकणाऱ्यांनी नवलखी वाव (गुजरातेत बारवेला वाव म्हणतात) पाहिलेली असेल आणि पाटणची राणी की वावही, जी 2014 साली जागतिक वारशाच्या यादीत गेली. त्यांना तुझ्याकडून बारवेची व्याख्या नको असेल. आपली वाव आणि तुझी बारव यांत पाण्यापर्यंत उतरण्याची रीत कोठे वेगळी होते, हे त्यांना ऐकायचे असेल. प्रत्येक शहरासाठी अशी वेगळी तयारी करावी लागते.

माझ्या दौऱ्यातली सुरतेची सभा सांगतो. मी दुष्काळात रेशनवर आलेल्या तांबड्या मिलोविषयी, म्हणजे परदेशी ज्वारीविषयी, बोलत होतो. मागच्या रांगेतल्या एक आजी उठल्या आणि त्यांनी दोन्ही तळवे पुढे करून, हवेतच भाकरी थापून दाखवली. मिलोच्या पिठाला चिकटपणा नसल्याने कडा कशा फाटत, मग गरम पाण्यात पीठ मळून आणि बोटांनी कड दाबत दाबत ती तव्यापर्यंत कशी न्यावी लागे, हे त्या सांगत होत्या. पुढे त्या रोजगाराच्या कामावर खडी फोडण्याकडे वळल्या: डाव्या हाताच्या बोटांना चिंधी गुंडाळून दगड धरायचा, कारण हातोडी निसटली की पहिले बोट तेच सापडे. सरकारी अहवालांत यातले काही मिळत नाही. दुष्काळात गाव सोडून गेलेली माणसे गावाबाहेरच भेटणार, हे मला त्या सभेत पुरते उमगले. सभा संपल्यावर सह्या करण्याचे थांबवून मी त्यांच्याशेजारी जाऊन बसलो, आणि त्यांच्या परवानगीने ते सारे दुसऱ्या आवृत्तीत घेतले. म्हणून प्रश्नोत्तरांना निम्मा वेळ राख आणि कोणी प्रश्नाऐवजी आठवण सांगू लागले, तर सूत्रसंचालकाला त्यांना थांबवू देऊ नकोस.

इंदूरविषयी मला काळजी वाटते, ती स्पष्टच लिहितो. 30 मार्च 2023 रोजी, रामनवमीच्या दिवशी, तेथील बेलेश्वर महादेव मंदिरात जुन्या बावडीवर, म्हणजे तिकडच्या बारवेवर, घातलेला स्लॅब कोसळला आणि 36 माणसे दगावली. तू त्या शहरात बारवांच्या सौंदर्यावर बोलणार आहेस. श्रोत्यांत त्या कुटुंबांपैकी कोणी असू शकेल, हे मनात धरून बोल. कोणी विचारीपर्यंत वाट पाहू नकोस. सुरुवातीसच त्या घटनेचा उल्लेख कर. पाण्याच्या जागा झाकून त्यांच्यावर बांधकाम करण्याचा जो प्रकार तुझ्या पुस्तकात शेवटच्या प्रकरणात येतो, तो तेथे सर्वांत आधी आला पाहिजे. अहिल्याबाईंच्या बांधकामांचे कौतुक त्यानंतर करता येईल.

वार्ताहर भेटतील. त्यांतल्या बऱ्याच जणांना पुस्तक वाचायला सवड मिळालेली नसते. तरीही त्यांच्याशी सौजन्याने वाग. महाराष्ट्रात एकूण बारवा किती, असे ते हमखास विचारतील. तू स्वतः पाहिलेल्या आणि नोंदवलेल्या बारवांचाच आकडा सांग आणि त्यापुढचा आकडा आपल्यापाशी नाही, असे स्वच्छ म्हण. एकदा छापून आलेला अंदाज पुढे तुझ्याच नावाने फिरतो आणि तो मागे घेता येत नाही.

दिल्लीत मराठी न जाणणारेही येतील, तेव्हा हिंदीतले टिपण आधीच तयार ठेव. मोट, थारोळे, पाट हे विहिरीचे पाणी उपसून वाहून नेण्याचे शब्द मात्र तसेच वापर आणि चित्र दाखवून समजाव. छायाचित्रांचे छापील मोठे संच सोबत असू देत, कारण प्रोजेक्टर प्रत्येक ठिकाणी चालेलच असे नाही.

इंदूरच्या भाषणाचा मसुदा झाला की निघण्यापूर्वी मला पाठव. मी तो वाचून दोन दिवसांत परत करीन.

तुझा शुभचिंतक