जाळ पिवळा, केक कच्चा: वाचकांचे प्रश्न, ताईंची उत्तरं

या खेपेला आलेल्या पत्रांतली निम्मी एकाच दुखण्याची आहेत, आच लागत नाही. कुणाचा गॅस, कुणाचा ओव्हन, कुणाची इंडक्शन. सगळी छापायला जागा नाही, म्हणून ज्यातून चारचौघींना उपयोग होईल ती घेतलीत.

प्रश्न (खानापूर तालुक्यातून एक काकू): ताई, पावसाळा लागला की आमच्या गॅसचा जाळ पिवळा होतोय बघा, पातेल्यांची बुडं काळीकुट्ट, घासून घासून हाताची सालं निघाली. मोठाच बर्नर असा करतोय, बारका चांगला निळा आहे. मी दर शनिवारी बर्नर धुते, हयगय करत नाही. मालक म्हणतात सिलिंडरच खराब आलंय. स्टोच्या पिनीनं आतलं जेट टोकरलं तर चालतंय का ओ?

उत्तर: काकू, पहिल्यांदा ती पिन ठेवून द्या, मग पुढचं वाचा.

सिलिंडरला दोष देऊ नका. सिलिंडर, रेग्युलेटर नाहीतर पाइपात काही बिघडलं असतं तर दोन्ही बर्नर सारखेच मंद झाले असते. एकच बिघडलाय म्हणजे दुखणं त्या एका बर्नरचं. आणि पिवळा जाळ म्हणजे गॅस कमी नाही, हवा कमी. जेटच्या बारक्या भोकातून गॅस जोरात सुटतो, जाताना नळीच्या तोंडाकडची हवा आपल्याबरोबर ओढून घेतो, नळीत दोन्ही मिसळतात आणि वर निळा जाळ लागतो. या वाटेत काही अडकलं की हवा कमी पडते, गॅस अर्धवट जळतो, आणि जे जळायचं राहिलं ती काजळी तुमच्या बुडाला बसते.

आता तुमच्याकडं काय अडकलंय? मला वाटतंय पाणीच. दर शनिवारी धुता हे चांगलंच, पण धुऊन लगेच बसवता ना? तुमच्याकडं आषाढात चादर चार दिवस वाळत नाही, मग बर्नरच्या भोकातलं पाणी कसं वाळणार. धुतल्यावर बर्नर झटकून, फडक्यानं पुसून, बारक्या बर्नरवर तवा ठेवून त्यावर मंद आचेवर दहा मिनिटं गरम करा, निवू द्या आणि मगच बसवा. बसवताना वरची टोपी खाचेत नीट बसली का बघा, नखाएवढी जरी तिरकी बसली तरी एका बाजूनं लांब पिवळी जीभ निघते. आणि एकदा गॅस खालून बंद करून, बर्नर काढून, ती आडवी नळी बाटली धुवायच्या बारक्या ब्रशनं आतून साफ करा, पावसाळ्यात कोळी तिथं हमखास जाळं करतो. एवढं करून तीन-चार दिवस बघा.

पिनीचं सांगते. आमच्या आबांचं स्टो-गॅस दुरुस्तीचं बारकं दुकान होतं, मी शाळेतनं आले की तिथंच बसायची. रॉकेलच्या पंपाच्या स्टोला पिन मारायचीच असते, ती सवय घराघरात होती, आणि गॅस आल्यावर बायकांनी तीच पिन गॅसच्या जेटला मारायला सुरू केली. आबा जेट काढून खिडकीकडं धरायचे आणि मला एक डोळा मिटून आतनं बघायला लावायचे. चांगल्या जेटचं भोक खसखशीच्या दाण्यापेक्षा बारीक आणि अगदी गोल दिसायचं, पिन मारलेलं लांबोडकं, कडेला ओरखडा. पितळ मऊ असतं की ओ. भोक एकदा मोठं झालं की गॅस जास्त सुटतो, हवा तेवढीच, म्हणजे जाळ कायमचा पिवळा. मग जेट बदलण्याशिवाय उपाय नाही, तेही आपल्याच शेगडीच्या मापाचं आणि एलपीजीचंच घ्यायचं. पाइपातनं येणाऱ्या गॅसचं प्रेशर कमी असतं म्हणून त्याचं जेट मोठ्या भोकाचं असतं, ते सिलिंडरला चालत नाही.

अजून एक, भाताचं पाणी नाहीतर मिठाचं काही उतू गेलं तर निळ्या जाळातच केशरी ठिणग्या दिसतात. त्याला घाबरू नका, मिठाचा तो रंग आहे. काजळी धरणारा लांब, लोळणारा पिवळा जाळ वेगळा, त्यात कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, रंग नाही. पाऊस आत येतोय म्हणून खिडकी गच्च लावून अशा जाळावर दोन-दोन तास भाकऱ्या थापू नका, डोकं दुखायला लागलं, मळमळलं तर आधी गॅस बंद करून बाहेर या. गॅस गिझर बंद न्हाणीत लावलेल्या घरांनीही हे वाचावं, त्यातनं माणसं गेलीत.

प्रश्न (चिकोडीजवळच्या गावातून, २६ वर्षे): मी घरात केक आणि नानकटाईच्या ऑर्डरी घेते. ओटीजी, म्हणजे विजेचा छोटा ओव्हन, २००० वॅटचा आहे, दोन वर्षं झाली. कधी केक चाळीस मिनिटांत होतोय तर कधी तास झाला तरी आत पातळ, आणि नानकटाई वरनं लाल, खालनं पांढरी. चुरा पडू नये म्हणून मी तळाला फॉइल अंथरते, ओव्हन स्वच्छ ठेवते. दुरुस्तीवाला म्हणाला थर्मोस्टॅट (तापमान सांभाळणारा भाग) गेलाय, नवीन घाला. घालू का?

उत्तर: थांबा जरा, पैसे घालवू नका. तुमच्या पत्रातच दोन कारणं आहेत.

एक ते फॉइल. खालच्या रॉडवर नाहीतर त्याच्या खाली फॉइल अंथरलं की उष्णता जिथं जायची तिथं जात नाही, रॉडही लवकर खराब होतो. ते आजच काढा, चुऱ्याचा ट्रे खाली आहेच. मग नॉब फक्त खालच्या रॉडवर करून ब्रेडचे चार तुकडे जाळीच्या चार कोपऱ्यांत ठेवा आणि दहा मिनिटांनी उलटून बघा. खालून तांबूस झाले तर रॉड चालू आहे, अजिबात रंग नाही तर रॉड गेलाय. चारपैकी एकच करपला तर तो कोपरा जास्त तापतोय, तिथं नानकटाई ठेवायची नाही नाहीतर मध्येच ट्रे फिरवायचा. ट्रेपण जाळीपेक्षा थोडा लहान घ्या, कडेनं गरम हवा फिरायला पाहिजे.

दुसरं कारण तुमच्या गावात कुणालाही विचारा, उसाला पाणी सुरू झालं, पंप लागले की घरातला बल्ब बारीक होतो का नाही? ओव्हनला हेच भोवतंय असं मला वाटतं. २३० व्होल्टच्या जागी १८० आले तर आपल्याला वाटतं थोडंच कमी झालं, पण रॉडची उष्णता व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात कमी होते, म्हणजे जवळजवळ चाळीस टक्के गेली. तुमचा २००० वॅटचा ओव्हन तेवढ्या वेळापुरता साधारण १२०० वॅटचा झाला. मग केक कच्चा राहणार नाही तर काय होणार. प्लगमध्ये लावायचा व्होल्टमीटर मिळतो, तो आणून ज्या दिवशी केक बिघडला त्या दिवशीचा आकडा वहीत लिहा. पंधरा दिवसांत कुठल्या वेळेला बेक करायचं ते तुमचं तुम्हालाच कळेल. प्रीहीट घड्याळावर करू नका, ओव्हनचा लाल दिवा पहिल्यांदा विझेपर्यंत करा, तो विझला म्हणजे लावलेलं तापमान आलं. दिवा विझतच नसेल तर व्होल्टेज नाहीतर रॉड, थर्मोस्टॅटचा नंबर त्यानंतर.

थर्मोस्टॅट घरीच तपासायचा असला तर फॉइलच्या वाटीत चमचाभर साखर घाला. साखर साधारण १८६ डिग्रीला वितळते, म्हणून ओव्हन १७५ वर पूर्ण तापवून पंधरा मिनिटं ठेवली तर वितळायला नको आणि १९० वर वितळायला पाहिजे. उलटं झालं तर मात्र दुरुस्तीवाला खरं बोलतोय. आणि ओटीजी १६ अँपिअरच्या सॉकेटलाच लावा. एक्स्टेंशन बोर्डला लावला असेल तर आज संध्याकाळी प्लग हात लावून बघा किती तापलाय.

प्रश्न (शहापूर, बेळगाव): दिवाळीला कुंद्याची (दूध आटवून करतात ती मिठाई) ऑर्डर मिळालीय. जुनी मोठी भट्टी आणली, घरच्या सिलिंडरला जोडली, पण जाळ मिणमिणतोय. मोठा रेग्युलेटर लावू का?

उत्तर: नको. घरच्या रेग्युलेटरमधनं येतं ते कमी प्रेशर, भट्टी असते जास्त प्रेशरची, म्हणून ती मिणमिणते. घरचं १४.२ किलोचं सिलिंडर घरच्या स्वयंपाकापुरतंच आहे, धंद्याला १९ किलोचं व्यावसायिक घ्या, त्याचा रेग्युलेटर आणि नळी एजन्सीच्या माणसाकडनंच जोडून घ्या. एकदम मोठा जाळ लावला की सिलिंडरच्या अंगावर दव येतं आणि प्रेशर उतरतं, थंडीत जास्तच. म्हणून काहीजण सिलिंडर गरम पाण्यात ठेवतात, ते कधीही करू नका. खरं सांगायचं तर कुंद्याला एवढी आच लागतच नाही, दूध जाड बुडाच्या कढईत मंद आचेवरच चांगलं आटतं. दोन शेगड्यांवर दोन कढया ठेवा, ऑर्डर निघेल.

प्रश्न (निपाणी): इंडक्शनवर जर्मनचं (ॲल्युमिनियमचं) पातेलं ठेवलं की नुसतं टीं टीं करतंय, बिघडलीय का?

उत्तर: बिघडली नाही. बुडाला लोहचुंबक चिकटतो का बघा, चिकटला तर ते भांडं चालेल. जर्मन, तांबं, पितळ चालत नाही. लोखंडी तवा चालतो.

प्रश्न (हिंडलगा): मायक्रोवेव्हचा लाइट लागतोय, ताट फिरतंय, पण चहा थंडच. पोरगा इलेक्ट्रिकलला आहे, तो म्हणतोय मी उघडतो.

उत्तर: त्याला उघडू देऊ नका, हात जोडून सांगते. लाइट आणि ताट चालू असून गरम होत नाही म्हणजे बिघाड मॅग्नेट्रॉन, डायोड, कॅपॅसिटर नाहीतर आतल्या फ्यूजकडचा आहे. तिथं हजारो व्होल्ट असतात आणि प्लग काढल्यावरही कॅपॅसिटरमध्ये वीज साठून राहते, जीव जाईल एवढी. पोराला तुम्ही एवढंच करायला सांगा, दार नीट लागतंय का, कडेला खरकटं अडकलंय का बघ आणि पुसून घे, मग कपभर पाणी मिनिटभर लावून बघ. कोमटही झालं नाही तर सरळ सर्व्हिस सेंटरला न्यायला सांगा. दुरुस्तीचा खर्च नवीनच्या निम्म्यावर गेला तर मी तरी नवीन घेईन.

आणि ज्यांनी गॅसचा वास येतोय असं लिहिलंय त्यांनी पुढच्या अंकाची वाट बघू नये. रेग्युलेटर बंद, दारं-खिडक्या उघड्या, लाइटच्या बटणाला हात नाही, बाहेर येऊन १९०६ ला फोन. नारिंगी नळीवर तारीख छापलेली असते, पाच वर्षं झाली असतील तर ती बदला, दिसायला कितीही चांगली असू दे.