एक्स-रे स्वच्छ आहे, तरी मनगट का दुखतं?

प्रश्न : माझा मुलगा १९ वर्षांचा, कबड्डी खेळतो. तीन आठवड्यांपूर्वी पकडीतून निसटताना उजव्या तळहातावर पडला. त्याच संध्याकाळी एक्स-रे काढला. हाड शाबूत आहे, मनगट मुरगळलंय, असं सांगून क्रेप बँडेज बांधून दिलं. सूज उतरली; पण ऑक्टोबर छाटणीत कात्री दाबली की अंगठ्याच्या मुळाशी कळ येते. शेजारच्या गावात एक जण चोळून मनगट बसवून देतात. न्यावं का?
— एक वाचक, पिंपळगाव बसवंत

उत्तर : चोळायला अजिबात नेऊ नका, आणि कात्रीही आजच त्याच्या हातातून काढून घ्या.

तरुण मुलगा, तळहातावर पडणं आणि अंगठ्याच्या बाजूचं दुखणं, एवढं ऐकलं की मला आधी स्कॅफॉइडची शंका येते. मनगटातल्या आठ लहान हाडांपैकी हे एक, होडीच्या आकाराचं, जेमतेम काजूएवढं. त्याची चीर पहिल्या दिवशीच्या एक्स-रेत कित्येकदा दिसतच नाही. म्हणून संशय असेल तर मनगट हलू न देणाऱ्या कडक पट्टीत हात ठेवून दहा ते चौदा दिवसांनी पुन्हा एक्स-रे काढतात. तुम्हाला कुणी परत बोलावलं नाही, याचं मला फार वाईट वाटलं.

तपासताना मी काय करते ते सांगते. करंगळीची कड टेबलावर टेकवून हात उभा ठेवायचा आणि अंगठा ताणून वर उचलायचा. अंगठ्याच्या मुळाशी दोन दोऱ्या ताठ होतात, मधे खळगा पडतो. तपकीर ओढणारे चिमूट तिथे ठेवत, म्हणून शरीरशास्त्रात त्याला तपकिरीच्या डबीचं नाव आहे. स्कॅफॉइड बरोबर त्याच्या तळाशी असतं. दाबायचं ते आधी चांगल्या हातावर, कारण जोरात दाबलं तर तिथे कुणालाही थोडं दुखतं. मग त्याच जोराने दुखऱ्या हातावर. त्यानंतर तळहाताच्या बाजूने, मनगटाच्या घडीपाशी अंगठ्याखाली लागणारा हाडाचा उंचवटा दाबते. शेवटी अंगठा धरून सरळ मनगटाकडे हलकेच रेटते. तिन्ही वेळा चेहरा वेडावाकडा झाला, तर एक्स-रे काहीही म्हणो, मी त्या मुलाला मैदानावर सोडत नाही.

घाई यासाठी, की या हाडाला रक्त मुख्यतः बोटांकडच्या टोकातून मिळतं आणि ते उलटं मनगटाकडे वाहतं. मधे चीर पडली की मागच्या तुकड्याचं रक्त तुटू शकतं. पंचवटीतला एक यष्टिरक्षक पडल्यानंतर सात महिन्यांनी माझ्याकडे आला होता. 'मुरगळलंय' म्हणून तो पट्टी बांधून खेळतच राहिला होता. हाड जुळलंच नव्हतं. शेवटी कमरेचं हाड घेऊन, स्क्रू घालून जोडावं लागलं. सुरुवातीलाच प्लास्टर झालं असतं तर बहुधा दोन-तीन महिन्यांत निभावलं असतं. तो प्लास्टिकच्या पिशवीत जुनी फिल्म जपून घेऊन आला होता, ते आजही आठवतं.

तुमचीही पहिली फिल्म शोधून ठेवा. याच आठवड्यात नाशकात अस्थिरोगतज्ज्ञाला दाखवा आणि 'स्कॅफॉइडसाठीचे एक्स-रे' असं स्पष्ट सांगा. ते वेगळ्या कोनांतून काढतात. त्यातही उलगडा झाला नाही, तर एमआरआयचा खर्च टाळू नका. तोवर मनगट आणि अंगठा तशाच कडक पट्टीत राहू द्या.

प्रश्न : व्हॉलीबॉल खेळताना मुलीच्या मधल्या बोटावर चेंडू आदळला. दुखणं थांबलं, पण बोटाचं शेवटचं पेर खाली लोंबतं, आपणहून सरळ होत नाही. पंधरा दिवसांवर सामने आहेत.
— एक वाचक, कॉलेज रोड

उत्तर : पेर उचलणारी कंडरा, म्हणजे स्नायू हाडाला जोडणारी दोरी, तुटली असणार. कधी ती हाडाचा कपचा घेऊन निघते, म्हणून आधी एक्स-रे. बहुतेकांना शस्त्रक्रिया लागत नाही. फक्त शेवटचा सांधा सरळ ठेवणारी पट्टी सहा ते आठ आठवडे, रात्रंदिवस. हात धुताना पट्टी काढली, तर बोट टेबलावर सपाट टेकलेलंच हवं. एकदा जरी पेर वाकलं, तरी मोजणी पहिल्या दिवसापासून. मधला सांधा मोकळा राहू द्या, नाहीतर तोही आखडेल. पळणं, उड्या, पायांचा व्यायाम चालू ठेवा. चेंडूला मात्र हात नको, आणि हे सामने तिला सोडावे लागतील.