पहिल्या पिढीच्या माझदा एमएक्स-5 या उघड्या छताच्या, दोन आसनी गाडीचे वजन कमी करायचे असल्यास सुरुवात कुठून करावी?

सुरुवात आसने, बॅटरी आणि सुटे चाक यांपासून करावी, कारण गाडीचा सांगाडा न कापता, कमी खर्चात आणि पूर्ववत करता येईल अशा रीतीने एवढे वजन अन्य कोठेही घटत नाही. 1989 साली आलेली ही गाडी मुळातच सुमारे 950 किलोची आहे; त्यातून 50 किलो काढले, तर प्रवेगावर होणारा परिणाम जवळपास 115 अश्वशक्तीच्या इंजिनात आणखी 6 अश्वशक्तींची भर घातल्यासारखा असतो, शिवाय ब्रेक आणि टायर यांच्यावरील ताणही हलका होतो, जे नुसती शक्ती वाढवून कधीच साधत नाही. चाकांच्या बाबतीत मात्र अनेकांची फसगत होते: मूळची 14 इंची मिश्रधातूची चाके इतकी हलकी आहेत की त्यांच्या जागी दिसायला आकर्षक अशी मोठी चाके बसवल्यास वजन बहुधा वाढतेच, आणि तेही फिरणारे व स्प्रिंगखालचे (गाडीच्या स्प्रिंगांवर न पेललेले), म्हणजे सर्वांत नकोसे. ही गाडी रोजच्या रस्त्यावर चालवायची असेल, तर दारांतील धडकरोधक पट्ट्या आणि एअरबॅग यांना कृपया हात लावू नये. छत उघडे असलेल्या गाडीत तर रोल बारचे (गाडी उलटल्यास बसणाऱ्यांचे रक्षण करणाऱ्या मजबूत कमानीचे) वाढीव वजन आनंदाने स्वीकारावे.